उजवा कौल

१५ नोव्हेंबर २०२४. कार्तिकी पौर्णिमा

ही डायरी २०१९ची आहे. नव्या वर्षाची डायरी हे दिवाळीआधीच आणून ठेवायचे. २०१८तही आणली आणि नोव्हेंबरात हे गेले. सहा वर्षं ती कपाटात कोरी पडून होती. पहिल्या पानापासून लिहिते आहे, छापलेल्या तारखा माझ्या दिवसांशी जुळत नाहीत, म्हणून वर माझी तारीख घालते आहे.

आज चारपर्यंत पाणी बरंच उतरलं. शेजारची यशोदा आणि मी कोयत्या, टोपल्या घेऊन खाडीत गेलो. पौर्णिमेची सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी. एरवी न दिसणारे खडक वर येतात, गुरं बसावीत तसे. कालवं खडकाला अशी धरलेली असतात की खडक कुठे संपला आणि कालव कुठे सुरू झालं ते कळत नाही. कोयतीच्या टोकाने ठोकायचं, शिंपला उघडायचा, आतला मऊ जीव काढून घ्यायचा. गेल्या वर्षी ज्या खडकाला एक शिंपला ठेवला नव्हता, त्याच्यावर यंदा पुन्हा दाट धरली होती.

घरी येऊन पाय धुताना परकराला डाग दिसला. टिकलीएवढा. कोयती लागली असेल म्हणून पाय बघितले, हात बघितले. कुठे कापलं नव्हतं.

पाळी जाऊन पाच वर्षं होत आली.

१८ नोव्हेंबर

स्वप्नात एसटी खाडीतून आली. सुकती होती. चाकांखाली शिंपले करकरत होते. गाडीत सगळ्या बायका, सगळ्यांच्या मांडीवर टोपल्या, आणि खिडकीबाहेर रस्त्याच्या जागी चमकणारा चिखल, फार सुंदर. हे नोकरीतल्या खाकी कपड्यात, तिकिटाचा चिमटा टिकटिकवत एकेका बाकावरून पुढे येत होते. माझ्यापाशी आले आणि पुढे गेले. पासवाल्या माणसाजवळून कंडक्टर जातो तसे.

जाग आली तेव्हा अंगणात धुकं होतं आणि यशोदेचा कोंबडा आरवत होता. दिवसभर मला खिडकीतला तो चिखल आठवत राहिला.

२४ नोव्हेंबर

आमच्या वाडीच्या देवीची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, पंधरा डिसेंबरला ठरली. मसुऱ्याच्या जत्रेला सगळी मुंबई लोटते, तशी ही नाही. वाडीतली माणसं, माहेरवाशिणी आणि एक खाजेवाला. पण नैवेद्याचा नेम कडक. पाच चुली, पाच बायका. तोंडाला पदर बांधायचा, चूल पेटल्यापासून पानं वाढेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आणि पाचही जणी पाळी गेलेल्या हव्यात. आमच्या देवीला विधवा चालते, पाळीवाली चालत नाही.

हे गेल्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणं बंद झाली. कोणी वाईट वागलं नाही, फक्त बोलवायचं थांबले. पाळी गेली त्या वर्षी सत्यवतीकाकी स्वतः दारात आल्या. ऐंशीला टेकलेल्या, पाच चुलींच्या मुख्य. म्हणाल्या, "शेवंते, आता तू देवीची झालंस. तिसरी चूल तुझी." तेव्हापासून ती चूल माझी आहे.

यशोदा आज विचारत होती, "गो, जत्रेचे वाल मी सोलू की तू?"

"मी सोलतंय."

"कंबर धरून कित्याक चलतंस?"

"कालवां काढूक वाकलंय ना."

"तुझी पिशवी ठेवलंस ना डॉक्टरणीच्या नादान. माझी बघ, अडतिसाव्या वर्षी काढून टाकली. घर रिकामा, भाडेकरूचो ताप नाय."

मी हसले. माझी पिशवी ठेवली, त्यालाही आता नऊ वर्षं होतील. तेव्हा मला अंगावरून फार जायचं. मालवणच्या डॉ. सारिका म्हणाल्या की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर कोंब आला आहे, पॉलिप म्हणतात, तेवढाच दुर्बिणीतून काढू, पिशवी काढायची गरज नाही. २०१६चा फेब्रुवारी होता. हे बाहेर बाकावर बसले होते. कोंब तपासायला पाठवला, साधा निघाला. डॉक्टरीण म्हणाल्या, दरवर्षी दाखवून जा, आणि पाळी गेल्यावर कधी एक थेंब जरी दिसला तरी वाट बघू नका.

हे मी इथे लिहिलं आहे. म्हणजे मला आठवत नाही असं नाही.

१ डिसेंबर. अमावस्या

पुन्हा. या वेळी दोन दिवस.

माझ्या लेकीचा, अक्षयाचा खारघरहून फोन आला. आवाज का बसलाय म्हणाली. धुकं म्हटलं. तिला नव्या कामावर रजा मिळत नाही, उगाच सांगून काय करायचं.

हॉस्पिटलची फाइल ह्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. पेटी सहा वर्षं उघडलेली नाही. आज कुलपाला खोबरेल लावलं आणि किल्ली परत खिळ्याला अडकवली.

५ डिसेंबर

देवळात कौल लावला. गाभाऱ्यात महादू गुरव एकटाच होता. देवीच्या काळ्या दगडाला पाण्याने भिजवून उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"काय विचारूचा आसा?" महादू म्हणाला.

"मनात धरतंय. चालात ना?"

"चालता. पण सरळ धर, वहिनी. प्रश्न वाकडो धरलंस तर देवी काय करतली बापडी."

त्याने गाऱ्हाणं घातलं. मी डोळे मिटून प्रश्न धरला, की यंदा नैवेद्याला बसू का. समई फरफरत होती, छपरावर कुठेतरी पारवे घुमत होते. किती वेळ गेला कळलं नाही. उघडून बघते तर उजवी पाकळी दगडावरून घसरत खाली येत होती. अगदी सावकाश, पाण्यातून पान खाली जातं तशी.

"उजवो," महादू म्हणाला. "झाला तुझा काम."

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. देवीने बस म्हटलं म्हणजे डाग काही वाईट नाही. उष्णतेचा असेल. कोकम सरबत घ्यायला हवं.

९ डिसेंबर

किती दिवसांनी एवढं बरं वाटतं आहे. घर झाडलं. ह्यांची पुस्तकं उन्हात घातली. ह्यांची म्हणजे माझीच. मी चौथी शिकलेली. लोक गाडीत मासिकं, दिवाळी अंक, एखादं पुस्तक विसरून जायचे. आगारात ठेवून महिनाभर कोणी मागायला आलं नाही की हे ती घरी आणायचे. मी अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. कितीतरी गोष्टी मी मधूनच सुरू केल्या आणि मधूनच सोडल्या, कारण पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेलेला असायचा. त्यांचे शेवट मी दुपारी पडल्या पडल्या मनाने करायची. अजून करते.

ट्रंकेतल्या दोन चांगल्या साड्या काढून अक्षयाचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाचली. कधीतरी करायचंच होतं.

१५ डिसेंबर. जत्रा

लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

सकाळी सातला चुली पेटल्या. पाचही जणींच्या तोंडाला पदर. माझ्याकडे वालाची भाजी आणि खीर. बोलायचं नसलं की कान उघडतात. लाकूड तडतडतं ते, उलथणं टेकतं ते, बाहेर मंडपात पोरं धावतात ते, सगळं दुरून, पाण्याखालून आल्यासारखं. दर वर्षी मला हा वेळ आवडतो. कोणी कोणाला काही विचारू शकत नाही.

खीर ढवळताना पोटात कळ आली आणि गरम वाटलं. नुसता थेंब नव्हता. मला कळलं.

उठायचं तर नैवेद्य अर्धा. बसायचं तर देवीच्या चुलीपाशी मी अशी. सांगायचं तर बोलता येत नाही. मी ढवळत राहिले. देवीने उजवा दिला होता, मग असं कसं, हेच डोक्यात फिरत राहिलं. खीर खाली लागायचा वास आला.

समोरच्या चुलीवरून सत्यवतीकाकी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. आपल्या चुलीतलं लाकूड मागे ओढून त्या उठल्या, माझ्या हातातली पळी घेतली. दुसऱ्या हाताने पाठीमागचं दार दाखवलं. खांद्यावरचा जुना पंचा काढून माझ्या कमरेला गुंडाळला. एवढं सगळं त्यांनी एका शब्दाशिवाय केलं. बाकी तिघींनी माना वर केल्या नाहीत.

मी मागच्या दाराने बाहेर पडून शेताच्या बांधाने घरी आले. मागे देवळात ढोल सुरू झाला.

१६ डिसेंबर

काकी सकाळीच आल्या, काठी टेकत. मी ओसरीवर डोकं खाली घालून बसले. वाटलं, आता चूल गेली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"त्रिपुरी पुनवेपासून."

"आणि बसलंस चुलीर?"

"कौल उजवो दिल्यान काकी."

"कौल चुलीचो दिल्यान. अंगाचो विचारलंस?"



काकी पायरीवर टेकल्या. जरा दम खाऊन म्हणाल्या, "तुका म्हायत नाय, तुझ्याआधी तिसरी चूल माझ्या नणंदेची. तिका असाच जाय. दोन वर्सा लपवल्यान. चूल जायत म्हणान. मग मुंबैक नेली तेव्हा डॉक्टर म्हणालो, आता काय आणलास. देवीक काय पडलेला नाय गो. तीसुद्धा बाईच आसा. चुलीपायी मेली ती, आणि मी रोज बघी, तरी विचारूक नाय. बोलूचा नाय असो नेम ना." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "नेम चुलीपुरतो. पुढे घराकडे पण आम्ही बोलत नाय, ती आमची चूक."

"आणि नैवेद्य?"

"खीर करपली. देवीन खाल्ल्यान. महादून पण दोनदा मागल्यान." जाताना काठी माझ्या गुडघ्यावर हलकेच मारली. "डॉक्टरणीक दाखवन ये. मगे चुलीचा बघू."

१९ डिसेंबर

पेटी उघडली. आत ह्यांच्या खाकी टोपीचा वास होता, डिझेल आणि खोबरेल. टोपी बाहेर काढून पुन्हा आत ठेवली.

फाइल होती. रिपोर्ट, सोनोग्राफी, चिठ्ठ्या. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ह्यांनी पट्टीने रेघा मारून यादी केली आहे. वर लिहिलंय 'शेवंतीच्या फेऱ्या'. फेरी १, फेब्रुवारी २०१७, पुढे बरोबरची खूण. फेरी २, फेब्रुवारी २०१८, पुढे खूण. फेरी ३, फेब्रुवारी २०१९, कट्टा स्टँडवरून आठ-दहाची गाडी, परतीला दीडची. पुढे काही नाही. पण यादी तिथे थांबत नाही. फेरी दहापर्यंत आहे. २०२६. प्रत्येकीसमोर आठ-दहाची गाडी.

ह्यांना माहीत नव्हतं की आपण तिसऱ्या फेरीला नसू. मला जायचं माहीत होतं, आणि हे गेल्यावर मी एकदाही गेले नाही. जावंसं वाटलं नाही. गाडीत शेजारी कोण बसणार.

यशोदेला बोलावून सगळं सांगितलं. ती शिव्या देत रडली. म्हणाली, "भाडेकरू म्हणालंय ना मी, तोंड जळो माझा." सोमवारी ती येते आहे बरोबर.

२३ डिसेंबर

डॉ. सारिकांचे केस पांढरे झालेत. नाव सांगितलं तशी त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. पॉलिप काढलेल्या सगळ्या बायका त्या त्यात लिहून ठेवतात, पुढे प्रत्येकीचं काय झालं ते.

"काढणं सोपं असतं, शेवंतीबाई," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांनी काय होतं ते कळणं अवघड. बायका बऱ्या झाल्या की येत नाहीत, आणि बऱ्या नसल्या तरी येत नाहीत."

माझी ओळ होती. दोन रकाने भरलेले. पुढच्या सहांत पेन्सिलीने 'संपर्क नाही'. त्यांच्या वहीत मी सहा वर्षं हरवलेली होते. मी कुठे होते ते मलाही धड सांगता आलं नसतं.

"फोन केला होता आम्ही. नंबर बंद होता."

नंबर ह्यांचा होता.

सोनोग्राफीत अस्तर जाड आहे, पुन्हा कोंब असावा. मी विचारलं, साफ काढला होता ना, मग परत कसा? त्या म्हणाल्या, काहींना पुन्हा येतो. बहुतेक साधाच असतो. पण पाळी गेल्यावर रक्त गेलं तर तसं धरून चालता येत नाही, आत बघून, काढून, तपासूनच सांगता येतं. दोन जानेवारीला करू.

यशोदेने विचारलं, "पिशवीच काढलास तर?"

"लागली तर काढू. आधी बघू तर द्या."

वाटेत यशोदेला म्हटलं, खडक तोच असला की कालव धरतं. ती म्हणाली, "गप रव. भूक लागली माका."

४ जानेवारी २०२५

परवा झालं. काल घरी आले. अक्षया रजा टाकून आली. आधी रागावली, मग माझ्या केसांना तेल लावलं. साडीवरची चिठ्ठी तिला सापडली. "आई, हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, आवरत होते. तिने चिठ्ठीची टाचणी काढली.

झोपेचं औषध देताना मला वाटलं, आता गाडी येईल. नुसतं पांढरं झालं, धुक्यासारखं, आणि धुक्यात चिमटा वाजत होता, लांब, मग आणखी लांब.

११ जानेवारी

रिपोर्ट आला. साधा कोंब. वाईट काही नाही. पेशींत बदल नाही.

डॉक्टरीण हसून म्हणाल्या, "छान. आता वर्षाने या." आणि वहीत माझ्या ओळीत शाईने लिहिलं.

मला रडू आलं. थांबेना. अक्षयाने मिठी मारली, यशोदेने बाहेरच्या सगळ्यांना सांगितलं की आनंदाने रडते आहे. कट्ट्याला उतरून तिने पेढे घेतले, गाडीतल्या लोकांनाही वाटले. मी पेढा हातात धरून बसले. खिडकीबाहेर काजूच्या बागा, डांबरी रस्ता. चिखल कुठेच नव्हता.

१३ जानेवारी. पौष पौर्णिमा

अक्षया काल गेली. आज ५ डिसेंबरचं पान वाचलं. ते खोटं आहे, आणि पुढे कौलाचं जे लिहिलं तेही. खोडत नाही, पण खाली खरं लिहिते.

गाभाऱ्यात मी नैवेद्याचा प्रश्न धरला नव्हता. मी विचारलं होतं, ह्यांच्याकडे यायची वेळ झाली ना? आणि पाकळी उजवीकडे घसरताना बघून मला आनंद झाला होता. म्हणून पाय जमिनीला लागत नव्हते. परवा रडले तेही जायचं राहिलं म्हणूनच. हे मी कोणाला सांगणार नाही, काकींनाही नाही. पण घरी बोलायचं असं त्या म्हणाल्या, आणि माझं घर म्हणजे सध्या ही वही.

पहाटे गाडी पुन्हा आली. धुकं, सुकती, तशीच. हे बाकाबाकाने पुढे आले. या वेळी माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "खंयचा तिकीट?" मी म्हटलं, तुमी जातास थंय. ह्यांनी माझ्या मांडीवरच्या टोपलीत बघितलं. कालवं होती, ओली. "ही खराब होतली," म्हणाले, आणि हात वर करून दोरी ओढली. एकच घंटा. गाडी आमच्या वाडीच्या थांब्यावर थांबली. मी उतरले. मग दोन घंटा वाजल्या आणि गाडी गेली. हे दारात उभे राहून कागदावर काही लिहीत होते. माझ्याकडे बघितलं नाही. कामावर असताना कधीच बघायचे नाहीत.

संध्याकाळी यशोदेने कुंपणावरून हाक मारली, "पाणी उतरला गो. येतंस?"

"डॉक्टरणीन वाकूक सांगूक नाय अजून."

"वाकू नको. बांधार बस आणि माका नावां ठेव."

बसले. खाडी आरशासारखी पडली होती, वर चंद्र आणि खाली चंद्र. यशोदा ठोकत होती, मी नावं ठेवत होते. नोव्हेंबरात आम्ही साफ केलेला खडक माझ्या पायाशीच होता. हात फिरवून बघितला. बारीक बारीक लागत होतं, तिळाएवढं. कालवं धरायला लागलीत.

घरी येऊन फाइल काढली. फेरी ९, २०२५. पुढे बरोबरची खूण केली, ह्यांच्यासारखी, शेपटी लांब ओढून. मधल्या सहा तशाच कोऱ्या ठेवल्या. फेरी १०ला ह्यांनी फेब्रुवारी लिहिलाय, तो तसाच असू दे. आठ-दहाची गाडी अजून सुटते का, ते उद्या कट्ट्याला जाऊन विचारायला हवं.